वहिनीचं लिव्हर, दादाच्या नावावर

मंजुषा आधी माझी मैत्रीण होती. मग मीच शहाणपणा करून तिला माझ्या भावाला दाखवलं आणि ती माझी वहिनी झाली. तेव्हापासून आमच्या दोघींच्या प्रत्येक भांडणात तीच जिंकते, कारण घरातले सगळे तिच्या बाजूचे आणि माझ्या बाजूला फक्त मी. हिंगणघाटला जुन्या जिनिंगमागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे. त्यावर बसून ती गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि शिवता शिवता त्यांची लग्नं, सासरं, सुना यांचीही डागडुजी करते. हसायला लागली की तिचा पाय थांबतो आणि मशीन बंद पडते. मशीन बंद पडली की मी माझ्या ओट्यावरून ओरडते, "काय झालं वं?" आणि चहा तिच्याकडे होतो.

माझा भाऊ अंकुश, म्हणजे दादा, निवृत्त मास्तर. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. सुपारीचं खांड तोंडात टाकलं तरी अपराध केल्यासारखा इकडेतिकडे बघणारा माणूस. व्यसन म्हणाल तर एकच, गोड. चहात साखर अशी घालायचा की चमचा उभा राहायचा. गेल्या दिवाळीनंतर त्याचं पोट जड जड राहायला लागलं, म्हणून डॉक्टर चारुताकडे गेला. पोरगी वयाने लहान, पण भारी हुशार. तिने सोनोग्राफी करायला लावली आणि निघालं फॅटी लिव्हर. यकृतात चरबी.

दादा रिपोर्ट छातीशी धरून घरी आला आणि खुर्चीत बसून राहिला. वहिनीने रिपोर्ट वाचला आणि मशीन बंद पडली. इतकी हसली, इतकी हसली की मी पदर खोचून धावत गेले.

"अवं जया, ऐक," ती डोळे पुसत म्हणाली. "माह्या सासूबाई जन्मभर मले बोलत राह्यल्या, पोराले खाऊ घालत नाई, पोराच्या अंगाले चरबी लागत नाई. आणि ते चरबी आतमंदी जाऊन बसली होती, पाय!"

हसणं ओसरलं तसा तिच्या अंगात सेनापती संचारला. मंजुषा म्हणजे अशी बाई की एक काम हाती घेतलं की त्या कामाची खैर नाही. पण त्याआधी तिला एक लढाई लढावी लागली, ती आनंदाबाईंशी.

आनंदाबाई आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वडील. गल्लीत कोणाला शिंक आली तर तिचं कारण त्या सांगतात. लिव्हर म्हटलं की आमच्याकडे माणसाला आधी बाटली दिसते. त्यांनी मंदिराच्या पायरीवर बसून निकाल दिला, "मास्तर दिसते सोज्वळ, पण लिव्हर काई खोटं बोलत नाई बाप्पा." वहिनीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती कापड बेतत होती. तशीच कात्री हातात घेऊन निघाली. मला वाटलं, आज पेपरात नाव येतं आपल्या गल्लीचं.

"काकू," ती पायरीशी उभी राहून म्हणाली, "यायले खोकल्याचं औषध बी चढते. हे काय दारू पेतील?"

पायरीवरच्या बायका हसल्या, आनंदाबाईही हसल्या. पण गल्लीने मनातून काही ते पुसलं नाही. एकदा लागलेला डाग तो, हळदीपेक्षा वाईट.

मग दादाचं पथ्यपर्व सुरू झालं. साखर बंद. चणाडाळीचे गोळे घालून केलेल्या गोळाभातावर फोडणीचं तेल बंद, आणि तेलाविना गोळाभात म्हणजे काय दुःख असतं ते विदर्भातल्या माणसालाच विचारा. तळलेल्या आलूबोंड्याचं नाव काढायचं नाही. सकाळी वणा नदीच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. वहिनी दारात उभी राहून वाट बघायची, आणि दादाला घाम आलेला नसला तर परत पाठवायची. दादा आयुष्यभर मुलांना शिस्त लावणारा, स्वतः फार आज्ञाधारक निघाला.

पण एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नाही. वहिनीच्या हाताला थोडकं करायची सवयच नाही. पाहुणा येईल, गिऱ्हाईक बसेल, पोरंबाळं येतील, म्हणून ती चार जास्तीच टाकणार. आणि आमच्या घरचा कायदा असा की अन्न टाकायचं नाही. शिवाय आमच्याकडे बाईचं ताट कोणी वाढत नाही, ते पातेल्यांच्या बुडातून गोळा होतं. आता दादाच्या ताटातून जे जे उठलं ते वहिनीच्या ताटात जाऊन बसलं. सवयीने केलेला गोड चहा, "यायले नको, मंग काय मोरीत ओतू?" म्हणून ती प्यायची. पुरणपोळी दादाने अर्धी ठेवली की ती हिची. लोकांनी आणलेले पेढे, कोणाच्या बारशाचे लाडू, सगळं हिच्या खात्यावर. नवऱ्याचं पथ्य ती इतक्या मनापासून पाळत होती की त्याच्या वाटचं कुपथ्यसुद्धा स्वतःच करत होती.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, जरा बेतानं."

"हा माणसायचा रोग आहे," ती म्हणाली. "बायायचं लिव्हर लोखंडाचं रायते. ज्या लिव्हरनं तुह्यासारखी नणंद पचवली, त्याले चरबी काय करन?"

मी हसून सोडून दिलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. गल्लीत ज्यांची ज्यांची लिव्हरं बिघडली ते सगळे बाप्येच होते. वहिनी कधी आजारी पडलेली मला आठवत नव्हती. तिची पाळी गेली तेव्हा तर तिने पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. "सुटली मी!" म्हणून स्वतःला एक पांढराशुभ्र परकर शिवला आणि तो घालून माझ्या घरी मिरवायला आली.

उन्हाळ्यापर्यंत दादाचं पोट बरंच उतरलं. वहिनीने त्याच्या पँटी आत घेतल्या. पुन्हा सोनोग्राफी झाली, रिपोर्ट सुधारला. आम्ही तिघं डॉक्टर चारुताकडे असे गेलो जसे पोराचा निकाल घ्यायला जातात. डॉक्टरीणबाईंनी दादाची पाठ थोपटली. मग त्यांची नजर वहिनीकडे वळली आणि तिथेच थांबली.

"काकू, मानेवरचा हा काळेपणा कधीपासून आहे?"

"असंन दोन-तीन वर्सांपासून. रोज घासतो मी. निघतच नाई."

"थकवा येतो?"

"थकवा कोणाले येत नाई, डॉक्टर?"

"पाळी?"

"गेली ना!" वहिनी खुशीत म्हणाली.

"मग तुमचीही सोनोग्राफी करून घेऊ. मान अशी काळी पडते ती आतल्या कारणानेही असते."

वहिनी उठलीच. "मी पेशंट नाई बाप्पा. मी पेशंटची बायको आहे." बाहेर येऊन तिने दादाच्या यशाबद्दल कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन आलूबोंडे घेतले. दादाने मान वळवली. दोन्ही तिनेच खाल्ले.

हे प्रकरण इथेच संपलं असतं, पण मध्ये वांगी रंगाचा ब्लाउज आला. वहिनीचा हा लाडका ब्लाउज. तिने तो माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "मॅचिंगवाल्याकडून ह्याच रंगाचा तुकडा आण. बाजूनं पट्टी जोडतो. आतली माया संपली." शिवणारे लोक शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, पुढे कधी उसवून ब्लाउज मोठा करता यावा म्हणून. त्याला माया म्हणतात.

दुकानात मी ब्लाउज उलटा केला, कारण आतला रंग विटलेला नसतो. बघते तर काय, काखेखाली शिलाईच्या जुन्या खुणा. एक ओळ उसवलेली, तिच्या बाहेर दुसरी, तिच्याही बाहेर तिसरी. सुईची बारीक बारीक भोकं अगदी कापडाच्या काठापर्यंत गेलेली. मला आधी हसू आलं. म्हटलं, आता हिला महिनाभर चिडवते. आणि हसता हसता मी त्या ओळी पुन्हा मोजल्या. बाकीच्या बायकांना आपण सुटतोय हे कसं कळतं? ब्लाउज दाटतो, हूक लागत नाही, श्वास घेता येत नाही. हिला ते कधी कळलंच नाही. ब्लाउज दाटायची चाहूल लागली की ही मशीनवर बसून उसवायची, गाणं म्हणत म्हणत नवी शिलाई मारायची आणि पुन्हा आरामात फिरायची. गावभराच्या कमरा मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या कमरेला टेप लावलाच नव्हता.

मी तुकडा न घेताच परत आले आणि तिचाच टेप उचलला.

"उभी राय."

"काऊन?"

"माप घेतो तुह्यं."

मग जे झालं ते आमच्या वयाला शोभणारं नव्हतं. ती मशीनभोवती पळाली, मी तिच्यामागे. पुतळ्यावर चढवलेला आनंदाबाईंच्या नातीचा घागरा खाली पडला. दादा पेपर घेऊन आला आणि तसाच परत गेला. शेवटी तिला धाप लागली आणि ती खुर्चीत बसली. मला तिला गाठावं लागलंच नाही. ती खुर्चीत धापा टाकत होती आणि हसत होती. मी मात्र आता हसत नव्हते.

"शर्त लाव," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला आला तर मी मंदिराच्या पायरीवर उभी राहून सांगीन, मंजुषा माह्यापेक्षा लहान दिसते."

हे ऐकल्यावर ती सरळ उठून चप्पल घालायला लागली.

सोनोग्राफीच्या टेबलावर तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की डॉक्टर चारुतांना दोनदा थांबावं लागलं. मग डॉक्टरीणबाईंनी एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली. नागपूरला एक तपासणी असते, यकृत किती कडक झालंय ते मोजणारी, ती करून आणायला त्यांनी सांगितलं. आम्ही गेलो. तो कागद घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर बसलो.

"काकांपेक्षा तुमचं जास्त आहे, काकू," त्या म्हणाल्या. "चरबी आहेच, पण आत व्रण धरायलाही सुरुवात झालीये."

"पण हा तर माणसायचा..." वहिनी म्हणाली.

"पुरुषांना जास्त होतो, आणि लवकर होतो, हे खरं. बायकांना पाळी असेपर्यंत शरीरच थोडी राखण करतं. पाळी गेली की ती राखण उठते. मग चरबी कमरेवर आणि यकृतात साठायला लागते. पन्नाशीनंतर बायका पुरुषांना गाठतात, आणि बऱ्याच जणींमध्ये व्रण जास्त लवकर वाढतात. वर बायका येतात उशिरा, कारण त्यांच्याकडे बघतच कोणी नाही. त्या स्वतःही नाहीत."

 वहिनीने नागपूरचा तो कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"म्हंजे यायच्यापेक्षा मी पुढं?" तिने विचारलं.

"हो."

"जिंदगीत पह्यल्यांदा यायच्या पुढं गेली मी," ती म्हणाली. "ते बी याच्यात!"

आम्ही सगळे हसलो, डॉक्टरही. मग त्यांनी हात पुढे करून तिचा हात धरला आणि स्पष्ट सांगितलं. अजून वेळ गेलेली नाही. वजन हळूहळू उतरवलं, चाललं, गोड आणि तळलेलं सोडलं तर हे मागे फिरू शकतं. असंच चालू ठेवलं तर एक दिवस फिरणार नाही. दिवाळीनंतर पुन्हा मोजायचं.

बाहेर पडल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवरच बसली आणि रडायला लागली. "मले मरायचं नाई, जया," ती म्हणाली. "मले लय जगायचं आहे वं." मी तिच्यापेक्षा जास्त रडले. दादा आमच्यासमोर तिची पिशवी पोटाशी धरून उभा होता.

"मी सोडलं थे सारं तुनं खाल्लं," तो म्हणाला. "आणि मी पाहत बसलो."

"चूप बसा," वहिनी नाक पुसत म्हणाली. "लोकं पाहून राह्यले." आणि लोक म्हटल्याबरोबर ती ताठ झाली. "हे कोणाले सांगायचं नाई. तुमचं लिव्हर तर बाटलीवर गेलं. माह्यं कशावर जाईन? म्हणतील, दोघं बुढा-बुढी संगं बसतात!"

अशा रीतीने वहिनीचं लिव्हर दादाच्या नावावर चढलं. घर, शेताचा तुकडा, गॅसचं कनेक्शन सगळं त्याच्याच नावावर होतं, त्यात आणखी एक. दादा ठणठणीत, पण गल्लीपुरता पेशंट तोच. सकाळी दोघं पुलापर्यंत चालायला जायचे आणि वहिनी सांगायची, "यायले चक्कर येते ना, म्हणून संगं जातो." गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मास्तरांच्या तब्येतीची चौकशी व्हायची. दादाला या नाटकाची अशी गोडी लागली की कोणी दिसलं की तो पोटावर हात ठेवून कण्हायचा. एकदा तर डाव्या बाजूला हात ठेवला. वहिनीने चिमटा काढून तो उजवीकडे नेला.

लोक दादासाठी पपई आणायचे. आणि वहिनीसाठी? वहिनीसाठी लाडू! कारण आजारी नवऱ्याची सेवा करून बाई थकली असणार. "घे वं मंजुषा, तुले कोणतं पथ्य आहे?" प्रत्येक घरी आग्रह, प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला. नाही म्हणायला तिच्याकडे कारणच नव्हतं. कारण दादाच्या नावावर होतं ना! घरी ती भाकरी आणि पालेभाजी खायची, आणि बाहेर गेली की गल्ली ते सगळं भरून काढायची. पावसाळ्यात डॉक्टर चारुतांनी काट्यावर उभं केलं. काटा होता तिथेच.

"काकू, तुम्ही कोणाला सांगितलंय का?"

"सांगाले ते काय जाहिरात आहे?"

"मग नाही कसं म्हणणार?" डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. मला ते जास्त लागलं. येताना मी वहिनीला नको नको ते बोलले. भित्री म्हटलं. 

भाद्रपदात आनंदाबाईंकडे महालक्ष्म्या बसल्या. त्यांच्याकडचा महाप्रसाद म्हणजे गल्लीची दिवाळीच. भाज्या किती, चटण्या किती, आंबील, कढी, आणि पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार. आधी माणसांची पंगत बसली. दादाच्या पानाशी आल्यावर वाढणारी थबकली आणि आनंदाबाई स्वतः म्हणाल्या, "मास्तरले जास्त नको वाढू, त्यायचं लिव्हर आहे." केवढा मान! दादाने अर्धी पोळी खाल्ली आणि कोणी त्याला अवाक्षर बोललं नाही. दारात उभी राहून वहिनी ते बघत होती.

मग आम्हा बायकांची पंगत. मी वहिनीच्या समोर बसले. आनंदाबाई तुपाचं भांडं घेऊन निघाल्या, मागून त्यांची सून पोळ्यांची परात घेऊन. वहिनीने एक पोळी घेतली, प्रसाद म्हणून. लगेच दुसरी आली. वहिनीने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"अवं, महालक्ष्मीचा प्रसाद आहे," आनंदाबाई म्हणाल्या आणि तूप ओतलंच. ते वहिनीच्या मनगटावर पडलं. "हात काढ. तुले काय झालं?"

पोट भरलं म्हणता आलं असतं. अंगावर पित्त आलं म्हणता आलं असतं. ओठावर आलेलं खोटं मला समोरून दिसत होतं. मी मनात म्हटलं, वहिनी, खा नाहीतर खोटं बोल, पण आता असं बघत राहू नको माझ्याकडे.

"मले फॅटी लिव्हर आहे," वहिनी म्हणाली.

पंगत थांबली.

"मास्तरले ना?" कोणीतरी म्हणालं.

"यायचं बरं झालं. आता मले आहे. यायच्यापेक्षा जास्त आहे. आणि मी दारू पेत नाई, काकू, आधीच सांगून ठेवतो. पाळी गेली की बायायले बी होते. पुरण खाऊन होते, लाडू खाऊन होते, कोणी आग्रह केला तर नाई म्हणता येत नाई म्हणून होते. मले अजून लय जगायचं आहे. मी हात काढत नाई."

दारात दादा उभा होता. सवयीने त्याचा हात पोटावर गेलेला. तो हळूच खाली घेत म्हणाला, "हो. मी बरा आहे. मी नाटक करून राह्यलो होतो."

आधी मी हसले. मग पंगतीचं ते टोक, मग हे टोक, मग पोळ्यांची परात धरलेली सून अशी हसली की तिला परात खाली ठेवावी लागली. वहिनी हात तसेच पानावर ठेवून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा गोंधळ महालक्ष्म्यांसमोर कधी झाला नसेल.

आनंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून वहिनीच्या बाजूला बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "थो फोटू काढतानी दुखते का वं?"

"नाई काकू. थंड लागते अन् गुदगुल्या होतात."

"मले बी सांगतलं होतं डॉक्टरनं. दोन वर्सं झाली." त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या. "लोकं काय म्हणतील म्हणून मी गेलीच नाई."

वहिनीने तुपाने माखलेला हात तसाच त्यांच्या हातावर ठेवला.

"उद्या सकाळी तयार रायजा," ती म्हणाली. "मी येतो संगं."